चित्रकथेचा सातबारा कोणाच्या नावावर?

चार महिन्यांपूर्वी आमच्या गटाच्या बैठकीत एका पुस्तिकेवरून खटका उडाला. घरातल्या मारहाणीबद्दल गावोगाव वाटायची सोळा पानी चित्रकथा होती. गोष्ट आम्ही तिघीचौघींनी बसून रचली होती. चित्रं एका तरुण मुलीनं काढली होती. दिवसा नोकरी आणि रात्री जागरण, असा महिनाभर तिनं त्यात घातला. पानं प्रेसला जायच्या आदल्या दिवशी तिनं हळूच विचारलं, "ताई, मागच्या पानावर माझं नाव येईल ना?" खोलीत सगळ्या एकदम गप्प झाल्या. मग एकजण समजुतीच्या सुरात म्हणाली, "अगं, आपलं काम सामूहिक आहे. गटाचं नाव आहेच की. वेगळं नाव कशाला?" मुलगी गप्प बसली. मीही गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

लाज वाटायला कारण आहे. १९८०च्या दशकात मीही एकदा त्याच जागी बसले होते. हुंडाबळीविरोधी मोर्चासाठी मी एक पोस्टर रंगवलं होतं. पैसे घेतले नव्हते, मागायचं मनातही आलं नव्हतं. काही वर्षांनी तेच चित्र एका मोठ्या संस्थेच्या कॅलेंडरवर दिसलं, मग एका अहवालाच्या मुखपृष्ठावर. खाली संस्थेचं नाव आणि बारीक अक्षरांत एक ओळ : सर्व हक्क स्वाधीन. कोणाच्या स्वाधीन, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं.

"नाव कशाला?" हा प्रश्न साधा, प्रेमळ, चळवळीतला वाटतो. पण याच प्रश्नावर एक अख्खा धंदा उभा राहिला आणि अब्जावधींचा झाला. तो धंदा म्हणजे अमेरिकेतला कॉमिकचा. तिथली कहाणी मी मुद्दाम सांगते आहे. ऐंशी वर्षं हा प्रश्न तिथे छापखान्यात, करारनाम्यात आणि कोर्टात लढवला गेला, त्यामुळे त्याचं उत्तर काय निघतं ते आपल्याला तिथे उघडं दिसतं.

वंडर वूमन कोणी लिहिली?

जुलै १९७२ मध्ये अमेरिकेतल्या 'मिझ' या स्त्रीवादी मासिकाचा पहिला नियमित अंक निघाला. ग्लोरिया स्टायनम आणि तिच्या सहकाऱ्यांनी मुखपृष्ठावर कोणाला घेतलं? वंडर वूमनला. शहरावरून ढांगा टाकत जाणारी धिप्पाड बाई आणि वर घोषणा, 'राष्ट्राध्यक्षपदासाठी वंडर वूमन'. चळवळीला आपली नायिका सापडली होती. त्या नायिकेच्या १९४०च्या दशकातल्या कथा पुन्हा पुस्तकरूपानंही आल्या. त्या कथांवर लेखकाचं नाव होतं चार्ल्स मोल्टन.

चार्ल्स मोल्टन नावाचा माणूसच नव्हता. ते विल्यम मोल्टन मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाचं टोपणनाव. १९४१च्या अखेरीला वंडर वूमन पहिल्यांदा छापून आली ती त्याच्या लेखणीतून, आणि चित्रं होती हॅरी पीटर याची. इथपर्यंत ठीक. पण १९४४ साली मार्स्टननं एका मुलीला कामावर ठेवलं. तिचं नाव जॉय हमेल. सेक्रेटरीचं शिक्षण देणाऱ्या एका शाळेत तो मानसशास्त्र शिकवायचा. तिथे तिची उत्तरपत्रिका त्याला विलक्षण वाटली. वय विशीच्या आसपास. सुरुवातीला काम टायपिंगचं, त्यानं लिहिलेल्या संहिता टंकित करायच्या. मग ती स्वतः लिहू लागली. त्याच वर्षी मार्स्टनला पोलिओ झाला, चालणंफिरणं थांबलं, आणि तिच्यावरचा भार वाढत गेला. १९४७ पर्यंत तिनं वंडर वूमनच्या सत्तराहून जास्त संहिता लिहिल्या. त्या सगळ्या छापल्या गेल्या त्या चार्ल्स मोल्टनच्या नावावर.

१९४७ साली मार्स्टन वारला. त्याच वर्षी जॉयनं लग्न केलं. नवऱ्याला पहिल्या बायकोची लहान मुलगी होती. तिला सांभाळायला जॉयनं काम सोडलं. इथवरची गोष्ट आपल्याला अजिबात परकी वाटत नाही, नाही का? हुशार मुलगी, हाताखालचं काम, मोठ्या माणसाचं नाव, लग्न, आणि मग घर.

पुढे जवळजवळ सत्तर वर्षं तिचं नाव कुठे नव्हतं. इतिहासकार जिल लेपोर हिनं वंडर वूमनच्या जन्माची कहाणी शोधताना तिला गाठलं आणि २०१४ साली पुस्तकातून ते लोकांपुढे आणलं. २०१८ साली सॅन दिएगोच्या कॉमिक संमेलनात तिला पुरस्कार दिला गेला. तेव्हा ती ९४ वर्षांची होती. एप्रिल २०२१ मध्ये, ९७ पुरी झाल्यावर, ती गेली.

'मिझ'च्या मैत्रिणींना मी दोष देत नाही. १९७२ साली त्यांच्यापुढे हजार कामं होती. पण ही गोष्ट मनात रुतून बसते. पुरुषांच्या जगात बाईचं बळ दाखवणारी नायिका चळवळीनं डोक्यावर घेतली, आणि तिच्या कथा लिहिणारी एक हाडामांसाची बाई त्याच देशात, त्याच वेळी, नाव नसलेली जगत होती. चित्रातली बाई दिसली. चित्रामागची दिसली नाही.

आणि ती एकटी नव्हती. मार्स्टनच्या घरातच आणखी दोघी होत्या. बायको एलिझाबेथ वकिलीचं शिक्षण घेतलेली. विमा कंपनीत नोकरी करून तिनं वर्षानुवर्षं घर चालवलं. नवा महानायक काढणार असशील तर ती बाई असू दे, असं तिनंच सुचवल्याचं सांगितलं जातं. दुसरी ऑलिव्ह बर्न त्याच घरात राहायची आणि दोघींची मुलं वाढवायची. ऑलिव्हची आई एथेल बर्न आणि मावशी मार्गारेट सँगर यांनी १९१६ साली ब्रुकलिनमध्ये अमेरिकेतलं पहिलं संततिनियमन केंद्र उघडलं होतं. ऑलिव्ह मनगटांत रुंद कडी घालायची. वंडर वूमन गोळ्या परतवते ती कडी तिथून आली. मार्स्टन वारल्यावर एलिझाबेथनं कंपनीला कळवलं की त्याच्या जागी मला घ्या. कंपनीनं तिला घेतलं नाही. काम एका पुरुष लेखकाकडे गेलं. २०१७ साली वंडर वूमनचा मोठा चित्रपट निघाला, दिग्दर्शक होती पॅटी जेन्किन्स, एक बाई. त्यातही नायिकेचा जनक म्हणून नाव एकाचंच, विल्यम मोल्टन मार्स्टन.

कल्पना बायकोची, कडी ऑलिव्हची, सत्तर कथा टंकलेखिकेच्या, चित्रं पीटरची. आणि सातबाऱ्यावर? शेतात राबणाऱ्या आपल्या बायकांना याचं उत्तर कोणी शिकवायला नको.

१३० डॉलरचा कागद

इथे कोणी म्हणेल, हे पुरुषप्रधानतेचं झालं, धंद्याचा यात काय दोष? तर धंद्याकडे वळू. कारण या धंद्यानं पुरुषांनाही लुटलं, आणि ज्या यंत्रानं त्यांना लुटलं त्याच यंत्रात बायका सगळ्यात खाली भरडल्या गेल्या.

क्लीव्हलंड शहरातल्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅन निर्माण केला. १ मार्च १९३८ रोजी त्यांनी त्याचे सगळे हक्क प्रकाशकाला लिहून दिले. किंमत १३० डॉलर, दोघांत मिळून. कंपनी गडगंज झाली, ते दोघे मात्र म्हातारपणी हलाखीत पोचले. १९७५ साली सुपरमॅनचा मोठा चित्रपट येऊ घातला होता. सीगलनं वर्तमानपत्रांकडे दाद मागितली, व्यंगचित्रकारांनी आवाज उठवला, तेव्हा बदनामीच्या भीतीनं कंपनीनं दोघांना वर्षाला प्रत्येकी २० हजार डॉलर आणि श्रेयाची एक ओळ दिली. २०१२ साली १९३८चा तो जुना चेक लिलावात निघाला. सुपरमॅनचे १३० धरून इतर कामाचे मिळून ४१२ डॉलरचा चेक. तो कागद विकला गेला १ लाख ६० हजार डॉलरना. निर्मात्याच्या वर्षाच्या तनख्याच्या आठपट किंमत त्याच्या लुटीच्या पावतीला आली.

बॅटमॅनची गोष्ट तशीच. १९३९ साली बॉब केन आणि बिल फिंगर यांनी मिळून तो घडवला. करार केनच्या नावे, म्हणून श्रेय केनला. फिंगर १९७४ साली वारला. त्याचं नाव श्रेयनामावलीत आलं २०१५ साली, मृत्यूनंतर ४१ वर्षांनी, नातीनं आणि काही चिकाटीच्या लोकांनी पाठपुरावा केला तेव्हा. जॉय हमेलला ९४व्या वर्षी मिळालेला पुरस्कार याच बिल फिंगरच्या नावाचा आहे. ज्याचं श्रेय गिळलं गेलं त्याच्या नावानं, जिचं श्रेय गिळलं गेलं तिला पुरस्कार. धंद्यानं आपल्या चोरीचा उत्सव करायलाही कमी केलं नाही.

हे कसं घडतं, त्याची यंत्रणा समजून घ्या. अमेरिकेच्या कायद्यात 'मोलानं करवून घेतलेलं काम' अशी एक कल्पना आहे. नोकरीत केलेलं काम त्यात येतं, आणि ठरावीक प्रकारचं बाहेरून करवून घेतलेलं कामही, तसा लेखी करार असेल तर. अशा कामात हक्क कंपनीकडे जातो एवढंच नाही. कायद्याच्या दृष्टीनं त्या कामाची लेखक कंपनीच ठरते. हाडामांसाचा माणूस नाहीसाच होतो. १९७८ साली नवा कायदा लागू झाला तेव्हा तिथल्या एका मोठ्या कंपनीनं घरून काम करणाऱ्या सगळ्या लेखक-चित्रकारांपुढे असाच एकपानी कागद सरकवला : सही करा, नाहीतर काम नाही. त्याआधीची तऱ्हा आणखी सोपी होती. मोबदल्याच्या चेकच्या पाठीवर मजकूर छापलेला असे. सही केल्याशिवाय चेक वटायचा नाही आणि सही केली की हक्क गेला. घरभाडं थकलेला चित्रकार तो मजकूर वाचत बसेल काय? विडी वळणारी, पापड लाटणारी, घरी शिलाई आणणारी आपली बाई मुकादमाच्या वहीवर अंगठा उठवते तेव्हा ती वही वाचते काय? घरबसल्या, नगावर, करार न वाचता : याच अटींवर हा धंदा चालला.

उतरंडीच्या तळाशी

आता या उतरंडीत बायका कुठे होत्या ते पाहू.

काही जणी चित्रकार होत्या, पण नाव बदलून. जून मिल्सनं पहिलं नाव गाळलं आणि टार्पे मिल्स झाली. वंडर वूमनच्याही आधी, एप्रिल १९४१ मध्ये, तिची 'मिस फ्युरी' वर्तमानपत्रात आली. डेलिया मेसिकची 'डेल' झाली, कारण बाईनं पाठवलेली चित्रं संपादक बघत नव्हते. १९४० पासून १९८० पर्यंत चाळीस वर्षं तिनं 'ब्रेंडा स्टार' ही वार्ताहर मुलगी चालवली. पण ब्रेंडा तिच्या मालकीची नव्हतीच. मालक होती ती पट्टी वर्तमानपत्रांना विकणारी संस्था. मेसिक निवृत्त झाली तरी ब्रेंडा चालू राहिली, थेट २०११च्या जानेवारीपर्यंत. नाझींच्या तावडीतून व्हिएन्नाहून निसटलेली लिली रेने न्यूयॉर्कला आली आणि कॉमिकमध्ये शिरली ती पेन्सिलच्या रेघा खोडण्याच्या कामावर. पुढे ती इतकी सुंदर चित्रं काढू लागली की वाचकांची पत्रं यायची, 'श्रीयुत रेने' यांना. सहीत 'एल.' एवढंच अक्षर होतं. एल. म्हणजे पुरुषच असणार.

आणि त्याही खाली ज्या होत्या त्यांना तर बदलायलाही नाव नव्हतं. जुन्या कॉमिकची छपाई कशी होत असे? रंगकर्ता पानाच्या छोट्या प्रतीवर रंग भरी आणि प्रत्येक रंगापुढे खुणेचे आकडे घाली. मग पिवळा, तांबडा आणि निळा या तिन्ही रंगांचे वेगळे थर, फिकट-गडद छटांसकट, प्रत्येक पानासाठी हातानं करावे लागत. हे डोळे फोडणारं काम कनेटिकट राज्यातल्या कारखान्यांत मुख्यतः बायका करीत. सुपरमॅनचा निळा आणि वंडर वूमनचा तांबडा त्यांच्या हातातून कागदावर उतरला. त्यांची नावं कुठेही नाहीत. रंग भरणाऱ्यांची नावं नियमानं छापायलाही १९७०चं दशक उजाडावं लागलं, आणि रंगकामात बायका पुष्कळ होत्या हा योगायोग नव्हे. गोष्ट आणि रेषा म्हणजे 'निर्मिती', रंग म्हणजे 'भरणं'. शेत नांगरणं म्हणजे शेती, आणि निंदणी-खुरपणी म्हणजे 'मदत'. ही विभागणी आपण कुठेही ओळखू.

आपल्याकडे डोकावू. 'अमर चित्रकथा' १९६७ साली मुंबईत सुरू झाली. आपल्यातल्या अनेकींचं बालपण तिच्यावर गेलं. अनंत पै हे नाव सगळ्यांना आठवतं, आणि आठवायलाच हवं. पण तिथे वर्षानुवर्षं संपादनाचं काम करणाऱ्या आणि कितीतरी संहिता लिहिणाऱ्या कमला चंद्रकांत यांचं नाव कितीजणींना आठवतं? हात वर करा.

हळदीकुंकवाचा मान

पण नाव छापलं म्हणजे झालं का? मैत्रिणींनो, इथे सावध राहायला हवं. कंपन्यांना गेल्या काही वर्षांत एक गोष्ट चांगली उमगली आहे : नाव देणं स्वस्त पडतं. श्रेयाची एक ओळ द्या, पुरस्कार द्या, व्यासपीठावर म्हातारीला शाल पांघरा, टाळ्या वाजवा. मालकी जागच्या जागी राहते. हा हळदीकुंकवाचा मान आहे. सवाष्णीची ओटी भरायची, घर मात्र तिच्या नावावर करायचं नाही.

जोअन सीगलचं उदाहरण घ्या. क्लीव्हलंडमध्ये शाळकरी वयात तिनं मॉडेल म्हणून काम मिळावं अशी जाहिरात दिली आणि जो शुस्टरपुढे ती उभी राहिली. सुपरमॅनची मैत्रीण लॉइस लेन तिच्यावरून घडली. पुढे तिनं जेरी सीगलशी लग्न केलं. गरिबीची वर्षं तिनं काढली आणि नवऱ्याच्या हक्काची लढाई आयुष्यभर लढली. १९९६ साली जेरी गेल्यावर, कायद्यात विकलेला हक्क ठरावीक वर्षांनी परत मागण्याची जी सोय आहे तिच्या आधारे, तिनं आणि मुलीनं सुपरमॅनमधला वाटा मागितला. २००८ साली न्यायाधीशानं त्यांच्या बाजूनं कौल दिला. २०११ साली जोअन वारली. २०१३ साली अपील न्यायालयानं सांगितलं की २००१ साली वाटाघाटीत झालेली सहमती म्हणजे करारच, आता मागे फिरता येणार नाही. आजही सुपरमॅनवर सीगल आणि शुस्टर ही नावं छापली जातात. नाव आहे. सातबारा कंपनीचा.

म्हणून हे दोन हक्क वेगवेगळे मागायला हवेत, आणि दोन्ही मागायला हवेत. श्रेय म्हणजे 'हे मी केलं' असं सांगण्याचा हक्क. मालकी म्हणजे 'याचं पुढे काय व्हायचं ते मी ठरवीन' असं सांगण्याचा हक्क. माझ्या पोस्टरवर माझं नाव छापलं असतं तरी ते त्या अहवालावर जावं की नाही, हे मला कोणी विचारलंच नसतं.

"पण मालकी ही भांडवली कल्पना नाही का?"

हा आक्षेप आपल्यातल्याच मैत्रिणी घेतात आणि तो हलका नाही. आपली गाणी गावोगाव जावीत, पोस्टर कोणीही उतरवून घ्यावं, पथनाट्य कोणीही करावं, अशीच आपली इच्छा असते. कुंपण घालायला आपण चळवळीत आलो नाही. हे मला मान्य आहे.

मग माझा प्रश्न एवढाच : कुंपण काढून टाकायचा निर्णय कोणाचा? त्याग करायला आधी हातात काहीतरी असावं लागतं. जिनं चित्र काढलं ती म्हणाली, "घ्या, वाटा, सगळ्यांचं आहे", तर ते दान. तिला न विचारता आपण म्हणालो, "सगळ्यांचं आहे", तर तो ताबा. सासरी सुनेचे दागिने "घरचेच" म्हणून गहाण पडतात तेव्हा आपण स्त्रीधन म्हणून कायदा दाखवतो. मग सुनेनं काढलेलं चित्र "गटाचंच" कसं काय होतं?

सामूहिक काम आणि नाव यांचं वैर आहे हेही खरं नाही. १९७२ साली सॅन फ्रान्सिस्कोत काही बायकांनी मिळून 'विमेन्स कॉमिक्स' काढलं. खरोखरचा गट होता. संपादक दर अंकाला बदलायची, म्हणजे कोणी एक बाई कायमची मालकीण होऊ नये. पण प्रत्येक गोष्टीवर जिची तिची सही होती आणि गोष्टीचा हक्कही जिचा तिच्याकडे. हे कॉमिक वीस वर्षं निघालं. त्या गटातली ट्रिना रॉबिन्स २०२४ साली वारली. तिनं पुढे आयुष्याचा मोठा भाग कॉमिकमधल्या विसरलेल्या बायकांची नावं हुडकण्यात घालवला. टार्पे मिल्स, लिली रेने अशा कितीतरी जणी आज आपल्याला ठाऊक आहेत त्यात तिचा मोठा वाटा आहे. १९८६ साली तिनं वंडर वूमनची चित्रं काढली. वंडर वूमनचं कॉमिक एका बाईनं काढायला ४५ वर्षं लागली.

दूर कशाला जायचं? जात्यावरची ओवी ही तर सामूहिकतेची परमावधी. तिचा लेखक शोधून सापडायचा नाही. तरीही हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या लाखावर ओव्या गोळा झाल्या तेव्हा गाणाऱ्या बाईचं नाव आणि तिचं गाव टिपलं गेलं. ओवी सगळ्यांची राहिली, आणि गाणारीही हरवली नाही. ओवीला जे जमलं ते आपल्या सोळा पानी पुस्तिकेला जमणार नाही?

कायदा आपल्या बाजूनं थोडा झुकलेला आहे

अमेरिकेच्या मानानं आपला १९५७चा कॉपीराइट कायदा निर्मात्याला बराच जवळचा आहे. पण कोणी सांगतच नाही, म्हणून वापरलाही जात नाही. चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

पहिली, चित्र काढलं किंवा गोष्ट लिहिली की हक्क आपोआप निर्माण होतो. नोंदणीची सक्ती नाही. तुम्ही पगारी नोकर नसाल तर साधारणपणे पहिली मालकीण तुम्हीच. मात्र पैसे देऊन मुद्दाम काढून घेतलेलं रंगचित्र किंवा छायाचित्र यांना कलम १७ मध्ये वेगळा नियम आहे. तिथे काही ठरलेलं नसेल तर मालक होतो काम करवून घेणारा. म्हणून काम सुरू करण्याआधी कागदावर ठरवा. नियतकालिकाच्या नोकरीत असाल तर, उलट काही ठरलं नसल्यास, मालकाला छापण्यापुरताच हक्क मिळतो, बाकीचा तुमचा.

दुसरी, हक्क तोंडी देता येत नाही. कलम १९ प्रमाणे लेखी हवं, सही हवी. कोणता हक्क, किती काळ, कुठे आणि किती मोबदल्यावर, हे त्यात हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता.

तिसरी, आणि सर्वांत मोलाची, कलम ५७. हक्क विकून टाकला तरी "हे माझं आहे" असं सांगण्याचा आणि आपल्या कामाची नाव बदनाम होईल अशी मोडतोड थांबवण्याचा हक्क निर्मात्याकडेच राहतो. हे कलम गाजवलं ते एका बाईनं. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांच्या 'आपका बंटी' या कादंबरीवर चित्रपट निघाला आणि त्यात कथेची मोडतोड झाली म्हणून त्या कोर्टात गेल्या. १९८६ साली दिल्ली उच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की चित्रपटाचे हक्क दिले तरी कलम ५७चा हक्क संपत नाही. आज देशातला प्रत्येक लेखक, पुरुषसुद्धा, त्या बाईच्या भांडणाची फळं चाखतो आहे.

चौथी, अजून लढायची. २०१२ साली कायदा बदलला आणि चित्रपटातल्या गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क कोणी लिहूनही काढून घेऊ शकणार नाही असा झाला. ते संघटित झाले म्हणून मिळालं. चित्रकथेच्या चित्रकाराला असं संरक्षण आजही नाही. तिची संघटना नाही.

आपल्या घरापासून

कंपन्यांशी भांडण होईल तेव्हा होईल. आपल्या गटांत पुढच्या छपाईपासून एवढं करता येईल.

प्रत्येक पुस्तिका, पोस्टर, कॅसेट, चित्रफीत यांवर गोष्ट, चित्रं, अक्षरलेखन, रंग, भाषांतर करणाऱ्या प्रत्येकीचं नाव छापा. धोक्यामुळे किंवा स्वतःच्या मर्जीनं तिला नाव नको असेल तर नका छापू, पण तिला विचारून.

काम सुरू होण्याआधी एक पानाचा कागद करा, मराठीत, तिला कळेल अशा भाषेत. हक्क तिचाच. गटाला किती प्रती, किती काळ, कोणत्या भाषांत वापरायची मुभा, ते लिहा. इतर गटांना फुकट वापरू द्यायचं असेल तर तेही तिच्या सहीनं.

दुसऱ्या संस्थेला किंवा सरकारी खात्याला काम देताना नाव काढू नये ही अट घाला. पैसा आला तर तिचा वाटा ठरवा. 'मानधन' हा शब्द आपण फार सोयीनं वापरतो. त्यात मानही नसतो आणि धनही.

आणि जुनी कपाटं उघडा. १९७५ पासूनची पोस्टरं, सायक्लोस्टाईल पत्रकं, पथनाट्यांच्या वह्या पडून आहेत. कोणी काय केलं हे सांगणाऱ्या बायका अजून आहेत. जॉय हमेलला गाठायला कोणीतरी वेळेत पोचलं. आपल्याकडेही कोणी पोचायला हवं.

महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलाच्या नावात, सरकारी कागदावर, आईचं नाव लागतं. त्यासाठी आपण किती वर्षं भांडलो! जन्म देणारीचं नाव लेकराला लागायला हवं, हे आपणच सरकारला पटवून दिलं. आता ते आपल्याच छापखान्याला पटवून द्यायचं आहे.

आमची ती पुस्तिका छापून आली. छान झाली आहे, गावांतून मागणी येते आहे. मागच्या पानावर गटाचं नाव आहे. चित्र काढणारी मुलगी त्यानंतरच्या दोन बैठकांना आली नाही. दुसरी आवृत्ती पुढच्या महिन्यात प्रेसला जायची आहे. त्याआधी मी तिच्या घरी जाऊन येणार आहे, तो एकपानी कागद घेऊन.